गळणारी परतप्रवाहरोधक झडप

नळातील पाणी एकाच दिशेने वाहते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. वास्तविक ज्या बाजूस दाब कमी, त्या बाजूस पाणी जाते. मुख्य वाहिनी फुटली, अथवा आपल्याकडील अनेक शहरांत नित्य घडते त्याप्रमाणे पुरवठ्याची वेळ संपून ती रिकामी होऊ लागली, म्हणजे घरातील पाणी उलट ओढले जाते. अशा वेळी नळाच्या रबरी नळीचे टोक फरशी पुसण्याच्या बादलीत बुडालेले असेल, तर बादलीतील पाणीही वाहिनीत शिरते. १९३३ साली शिकागो येथे जागतिक प्रदर्शन भरले असता दोन हॉटेलांतील सदोष नळजोडण्यांमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले. आमांशाचे १,४०९ रोगी आढळले व ९८ माणसे दगावली.

हा धोका टाळण्यासाठी परतप्रवाहरोधक झडप बसवितात. साध्या नॉन-रिटर्न झडपेत एकच पडदा असतो. तो आतून गळू लागला तरी बाहेर काहीच दिसत नाही. अधिक खात्रीच्या प्रकारात एकामागे एक अशा दोन झडपा व त्यांच्यामध्ये पोकळी असते. पोकळीतील दाब पुरवठ्याच्या दाबापेक्षा नेहमी कमी राहतो. हा फरक ठरावीक मर्यादेखाली आला, की तळाशी असलेली निचरा-झडप उघडते आणि पाणी बाहेर सांडते. म्हणजे हे ठिबकणे ही सूचनाच होय. काही गृहस्थ त्या तोंडास बूच मारून गळती ‘थांबवितात’. असे केल्याने झडपेचा उपयोगच नाहीसा होतो.

अधूनमधून चार थेंब पडल्यास चिंता नको. पुरवठ्याचा दाब कमीअधिक होतो त्याचा तो परिणाम. धार सतत लागली असेल, तर घरातील एखादा नळ सोडून पाहावा. तरीही धार थांबली नाही, तर दोष निचरा-झडपेत आहे. थांबली, तर नळ मिटून झडपेपुढील कॉक बंद करावा. धार चालू राहिल्यास पहिल्या झडपेत वाळूचा कण अडकला आहे अथवा तिचे रबर झिजले आहे, असे समजावे. पुष्कळदा सफाई व नवे रबर एवढ्यानेच काम भागते.

सर्वच यंत्र बदलावयाचे झाल्यास दोन्ही बाजूंचे कॉक बंद करून आतील दाब उतरवावा. एका पान्याने नळ घट्ट धरून दुसऱ्याने झडप सोडवावी, नाहीतर जुन्या नळाचे आटे भिंतीतच तुटतात. नवी झडप लावण्यापूर्वी थोडे पाणी वाहू देऊन गाळ काढून टाकावा. झडपेवरील बाण प्रवाहाच्या दिशेने असावा. निचऱ्याचे तोंड जमिनीपासून निदान ३० सेंटिमीटर उंच असावे. पाणी साचणाऱ्या खड्ड्यात ते कधीही नसावे. पुरवठ्याचा कॉक सावकाश उघडावा.

घरात पाणी तापविण्याची बंद टाकी असल्यास आणखी एक गोष्ट पाहावी लागते. २५ लिटर पाणी १५ अंशांपासून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले असता सुमारे ०.४ लिटरने फुगते. परतीची वाट आता बंद झाल्यामुळे त्या टाकीस सुरक्षा-झडप आहे व ती चालू स्थितीत आहे, हे विजेचे बटण दाबण्यापूर्वीच तपासावे.