बारा व्होल्टांची पेटी

गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या सुर्ल्याचा गेल्या काही दशकांचा इतिहास बहुधा खनिजाच्या टनांत आणि न्यायालयाच्या तारखांत सांगितला जातो. खाणीवर माल भरायचा, ट्रकने मांडवीच्या धक्क्यावर न्यायचा, बार्जमधून मुरगाव बंदराकडे पाठवायचा, एवढाच त्याचा सारांश. पण जिथे इतकी चाके फिरतात तिथे मागोमाग गॅरेजवाला येतो, बॅटरी चार्ज करून देणारा येतो, ऑटो इलेक्ट्रिशियन येतो. गाडीचा टेप, लंबगोल स्पीकर आणि तांबडी-काळी वायर या रोजच्या वस्तू होतात. प्लायवूडच्या पेटीत गाडीचा टेप बसवून बॅटरीवर वाजवलेला घरगुती स्टिरिओ हे या जगाचेच अपत्य. त्याला ‘जुगाड’ म्हणून हसण्यावारी नेतात, ते मला पटत नाही. ही पेटी टिकली ती मोटारधंद्याने ठरवलेल्या मापांवर: १२ व्होल्ट, ४ ओहम आणि डॅशबोर्डातला १८० बाय ५० मिलिमीटरचा खण. कॅसेट जाऊन सीडी आली, सीडी जाऊन पेन ड्राइव्ह आला. मापे तीच राहिली.

हिशेबच मांडू. १२ व्होल्टवर ४ ओहमचा स्पीकर साध्या जोडणीने वाजवला तर कागदावरसुद्धा साडेचार वॅटच्या पुढे जाता येत नाही. दोन अँप्लिफायर उलटसुलट चालवून स्पीकर त्यांच्यामध्ये धरला, की व्होल्टेजचा झोका दुप्पट आणि ताकद चौपट, म्हणजे १८ वॅट. याला ‘ब्रिज’ म्हणतात. सान्योची एलए ४४४० ही आयसी गाडीसाठीच निघाली: दोन स्पीकरना ६-६ वॅट, किंवा ब्रिज करून एकाला १९; हे आकडे वरच्या हिशेबापेक्षा थोडे जास्त, कारण ते बारापेक्षा चढ्या व्होल्टेजवर आणि आवाज फाटू दिल्यावरचे. आपल्याकडे ती ‘४४४०चा बोर्ड’ म्हणून सुट्टी विकली गेली आणि मोटारीपेक्षा घरगुती पेट्यांतच जास्त ओळखीची झाली. टेपच्या तोंडावर ‘५० वॅट गुणिले ४’ छापलेले असते, तो क्षणभराचा कमाल आकडा. गाडी चालू असतानाच्या १४.४ व्होल्टवरही ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात सव्वीसच्या आत भागवावे लागते.

पेटी बांधणाऱ्याची खरी परीक्षा मात्र टेपच्या मागच्या तारांत. काळी अर्थिंगची, तांबडी किल्लीवरून येणारी, पिवळी बॅटरीला कायम जोडलेली. पेटीला किल्ली नसते, म्हणून घाईत तांबडी आणि पिवळी एकत्र पिळून एका स्विचवर घेतल्या जातात. मग बंद केल्यावर प्रत्येक वेळी रेडिओची स्टेशने आणि घड्याळ पुसले जाते. जाणता माणूस पिवळी सरळ बॅटरीवर नेतो आणि स्विच फक्त तांबडीवर ठेवतो. या एका तारेवरून बांधणाऱ्याचा हात कळतो.

आक्षेप असा, की हे सगळे स्वस्ताईपोटी. पण स्वस्ताईच हवी तर विजेवरचा अँप्लिफायर होताच. दुकानातला टू-इन-वन मोठ्या सेलवर चाले, आणि आवाज वाढवला की सेल बघता बघता बसत. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री ८४ वॅट-तास असतात, ती पुन्हा भरता येते, आणि ढोलाच्या ठोक्याला लागणारा करंट ती त्या क्षणी देते. दोन अँपिअरच्या ॲडॉप्टरवर तोच ठोका आला की व्होल्टेज कोसळते आणि टेप बंद पडून पुन्हा सुरू होतो. पावसात वीज जाणाऱ्या गावात हा फरक चैनीचा नाही. आवाजाच्या दर्जाचा आक्षेप अर्धा खरा आहे. सहा-बाय-नऊचा स्पीकर गाडीच्या मागच्या फळीसाठी असतो, त्याला डिकीएवढी हवा लागते. लहान पेटीत त्याचा बास फुगतो. पण त्याचा पॉलिप्रॉपिलीनचा कोन कोकणच्या दमट हवेत कागदी कोनापेक्षा निर्धास्त राहतो, हेही जमेस धरावे. गोंगाटाबद्दल म्हणाल तर २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांची रात्री १० ते सकाळी ६ची मर्यादा या पेटीलाही लागू व्हावी, पण १९ वॅटला डीजेच्या भिंतीच्या पंक्तीला बसवू नये.

आता खाणबंदीकडे. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये खाणींच्या ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द झाले. उभ्या ट्रकांचे सामान घरोघरी वाजू लागले असेल, अशी कल्पना सहज सुचते. पण शिशाची बॅटरी उतरलेल्या स्थितीत पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेट जमते आणि ती मरते. पेटीला चालती वाहतूक लागते: जुने काढून नवे बसवणारे गिऱ्हाईक आणि उघडे असलेले चार्जिंगचे दुकान. उभ्या ट्रकापाशी यातले काहीच नसते.

पेटीवर खरा घाव आला तो डॅशबोर्डातून. अनेक नव्या गाड्यांत तो १८० मिलिमीटरचा खण उरलेला नाही. पडदा, एसी आणि मागचा कॅमेरा एकाच साच्यात, बाहेर काढला तर निरुपयोगी. ब्लूटूथ स्पीकर हलका, पण बॅटरी अनेकदा डिंकाने चिकटवलेली. तरी १२ व्होल्टचे माप सुटलेले नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार सेल ओळीने जोडले की १२.८ व्होल्ट होतात. संरक्षक सर्किटासह ते शिशाच्या बॅटरीच्या जागी ठेवले, तर ४४४०च्या जुन्या पेटीची एकही तार बदलावी लागत नाही. चार्जर तेवढा नवा घ्यावा लागतो.