घरी ब्रूइंग करायचंय? वाशिममध्ये सामान कुठे मिळतं, आणि कुठे थांबायचं

(आजच्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्यातली अडखळ तेवढी काढली आहे, बाकी जसंच्या तसं.)

 

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजमुळे आला. रिसोड तालुक्यातला एक श्रोता, पोलीस भरतीची तयारी करतोय. तो म्हणतो, "दादा, यूट्यूबवर लोकं घरीच बिअर बनवतात. एक बादली, एक नळी, यीस्टचं पाकीट, झालं. आपल्या वाशिममध्ये हे सामान कुठे भेटते?"

मित्रा, प्रश्न भारी आहे. मी स्वतः कॉलेजात असताना हाच प्रश्न गुगलला विचारला होता. पण उत्तराचे दोन भाग आहेत, आणि पहिला भाग ऐकल्याशिवाय दुसऱ्यावर उडी मारायची नाही.

[०१:१०] आधी कायदा

यूट्यूबवरचे ते व्हिडिओ बहुतेक अमेरिका किंवा युरोपातले असतात. तिथे स्वतःपुरती बिअर घरी बनवायला परवानगी आहे. महाराष्ट्रात नाही. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. वाशिम काही 'ड्राय' जिल्हा नाही, दुकानं उघडी आहेत, म्हणून आपल्याला वाटतं की बंदी वगैरे जुनी गोष्ट. पण त्याच कायद्यामुळे महाराष्ट्रात दारू पिण्यासाठीसुद्धा कागदोपत्री परमिट लागतं, आणि बनवण्यासाठी तर लायसन्स लागतंच. "मी विकत नाही, फक्त घरच्यासाठी बनवतो" ही सबब तिथे चालत नाही. इतकंच काय, दारू बनवण्याच्या हेतूने भांडी, साहित्य जवळ ठेवणं हाही गुन्हा आहे.

मग पुण्यात ताजी बिअर बनवून देणाऱ्या जागा कशा चालतात? लायसन्स घेऊन. पुण्यात २००९ मध्ये 'दूलाली' सुरू झाली, ती मायक्रोब्रुअरी. म्हणजे उत्पादन शुल्क खात्याच्या नजरेखाली चालणारा व्यवसाय. किचनमधली बादली त्यात बसत नाही. आणि विदर्भातल्या मित्रांनो, वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत. तिथे तर दुकानातून बिल घेऊन आणलेली बाटली नेली तरी अडचण.

आता आपला मित्र भरतीची तयारी करतोय. भरतीत मैदान मारलं, पेपर काढला, तरी शेवटी चारित्र्य पडताळणी असते. वीस लिटरच्या बादलीपायी नावावर गुन्हा लागला तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात. मला हा सौदा परवडणारा वाटत नाही.

[०३:०५] "घरची दारू विषारी असते ना?"

हा दुसरा प्रश्न नेहमी येतो. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरहून जास्त माणसं गेली. त्यामागे मिथेनॉल होतं, म्हणजे कारखान्यात वापरलं जाणारं अल्कोहोल. ते दारूत मिसळलं गेलं. यीस्ट साखर खाऊन जे बनवतं ते इथेनॉल. आलं, साखर, पाणी एवढंच आंबवलं तर मिथेनॉलने मरण्याइतकं काही तयार होत नाही. त्यामुळे आंबवणं म्हणजे विष, हा गैरसमज काढून टाका. पण भट्टी लावून गाळणं, म्हणजे डिस्टिलेशन, हा विषय आपल्याकडे बंद. पूर्ण बंद.

आणि आंबवणं आपल्याला नवीन आहे का? आजी रोज रात्री दुधाला विरजण लावते. ज्वारीच्या पिठाची आंबील उन्हाळ्यात पितो. इडलीचं पीठ मे महिन्यात चार तासात भांड्याबाहेर येतं. हे सगळं ब्रूइंगचंच भावंड आहे. म्हणून माझा सल्ला: बिअर सोडा, आल्याचा सोडा बनवा. यीस्ट, साखर, तापमान, दाब, मोजमाप, स्वच्छता, ब्रूइंगमधलं सगळं त्यात शिकायला मिळतं.

[०४:४०] आधी 'बग', मग सोडा

मी सॉफ्टवेअरवाला आहे, आयुष्यभर बग काढतो. इथे मात्र बग पाळायचा आहे. जिंजर बग म्हणजे आल्याचं विरजण.

काचेच्या स्वच्छ बरणीत दोन कप पाणी, एक चमचा किसलेलं आलं, एक चमचा साखर. आलं धुवायचं, पण सोलायचं नाही, कारण जंगली यीस्ट सालीवरच असतं. पाणी उकळून गार केलेलं घ्या. नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर असते, ती जंतूंबरोबर आपलं यीस्टही मारते. वर कापड बांधा. रोज एकेक चमचा आलं आणि साखर घाला, ढवळा. हिवाळ्यात पाच-सहा दिवस लागतात. आपल्या वाशिमच्या एप्रिल-मेमध्ये दोन-तीन दिवसांतच बुडबुडे येतात. वास आल्याचा आणि किंचित आंबट हवा. वर हिरवी-काळी लव दिसली तर चमच्याने काढून पुढे जायचं नाही. सगळं फेकायचं, बरणी उकळत्या पाण्याने धुवायची, नव्याने सुरू.

बग तयार झाला की सोडा. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम किसलेलं आलं आणि ८० ग्रॅम साखर उकळा. पूर्ण गार होऊ द्या, गरम पाण्यात बग टाकला तर मेला. गाळा, दोन लिंबं पिळा, अर्धा कप गाळलेला बग घाला. कोल्ड्रिंकच्या प्लॅस्टिक बाटल्यांत भरा, वर तीन बोटं जागा सोडा, झाकण घट्ट.

[०६:३०] काचेची बाटली: माझा पराक्रम

प्लॅस्टिकच का? सांगतो. तीन वर्षांपूर्वी, मे महिना, वर्क फ्रॉम होम, मी गावी. इन्स्टावर छान दिसावं म्हणून सरबताच्या रिकाम्या काचेच्या बाटल्यांत सोडा भरला आणि ओट्याखाली ठेवून विसरलो. दुसऱ्या रात्री दोन वाजता 'धाड!' आईला वाटलं सिलेंडर गेला. जाऊन बघतो तर काचेचे तुकडे समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये घुसलेले. आई रोज पहाटे पाच वाजता त्याच ओट्यासमोर उभी राहते. तीन तासांचा फरक होता. त्या दिवसापासून घरात नियम झाला: काच फक्त बगला, सोड्याला नाही. आणि हा नियम मी केला नाही, आईने केला.

आता गणित बघा, म्हणजे कळेल असं का झालं. साखरेच्या वजनाचं साधारण निम्मं अल्कोहोल होतं आणि निम्मा कार्बन डायऑक्साइड. चार ग्रॅम साखर खाल्ली गेली की साधारण एक लिटर गॅस तयार होतो. आपल्या सोड्यात बग आणि लिंबू घातल्यावर लिटरमागे ७० ग्रॅमच्या आसपास साखर असते. ती पूर्ण आंबली तर एक लिटरच्या बाटलीत सतरा-अठरा लिटर गॅस! साधी काच काय टिकणार?

आणि त्याच साखरेतून अल्कोहोल किती? साडेचार टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बिअरइतकं. लक्षात आलं का? सोडा आणि बिअर यांच्यात फरक रेसिपीचा कमी, थांबण्याचा जास्त आहे. तीच बाटली वेळेत फ्रिजमध्ये गेली तर सोडा, आठवडाभर विसरलात तर वर सांगितलेला कायदा.

[०८:२०] थांबायचं कधी?

आपल्या अन्नसुरक्षा नियमांत ०.५ टक्क्यापेक्षा जास्त अल्कोहोल असलेलं पेय 'अल्कोहोलिक' धरतात. मी त्याच्या बरंच खाली थांबतो. पण घरी मोजायचं कसं? परदेशी व्हिडिओत हायड्रोमीटर दाखवतात. ते ऑनलाइन मागवायची गरज नाही. आपल्या जिल्ह्यात दूध आहे, म्हणजे लॅक्टोमीटर आहे!

लॅक्टोमीटर हा हायड्रोमीटरच आहे, फक्त दुधासाठीचा. ज्यावर ० ते ४० असे आकडे असतात तो घ्या. ज्यावर फक्त एम आणि डब्ल्यू लिहिलेलं असतं तो आपल्या कामाचा नाही. साखरेचं पाणी दाट, म्हणून आकडा वर. साखर संपत गेली की आकडा खाली. बाटली भरताना माझा आकडा २८ च्या आसपास येतो. आकडा चार अंश खाली आला की साधारण अर्धा टक्का अल्कोहोल झालं असं समजा. म्हणून २८ वरून २६ आला की सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये. २५ ही शेवटची रेषा, कारण बगसोबतही थोडं अल्कोहोल आलेलं असतं.

मोजण्यासाठी एक छोटी बाटली वेगळी भरून ठेवा. मोजण्याआधी तिच्यातला गॅस हलवून पूर्ण काढा, नाहीतर बुडबुडे लॅक्टोमीटरला वर ढकलतात आणि आकडा खोटा येतो. दोन्ही वेळा तापमानही सारखं हवं. बाकीच्या बाटल्या हाताने दाबून बघा. दगडासारखी टणक लागली तर आकडा काही का असेना, लगेच फ्रिज. उन्हाळ्यात १२ तासांनंतर दर दोन-तीन तासांनी बघायचं. फ्रिजमध्ये आंबणं मंदावतं, थांबत नाही, म्हणून तीन-चार दिवसांत संपवा. झाकण हळूहळू उघडा. लहान मुलं, गरोदर बाई आणि धर्माने किंवा व्रताने थेंबभरही न चालणारे पाहुणे असतील तर त्यांना साधं लिंबू सरबत द्या. विचारल्याशिवाय ग्लास पुढे करू नका.

[१०:१५] आता दुकानं

वाशिममध्ये 'होमब्रू शॉप' शोधू नका. पाच दुकानं मिळून आपलं एक दुकान होतं. आणि दुकानात वस्तूचं इंग्रजी नाव सांगण्यापेक्षा काम सांगा.

पहिलं, डेअरीचं साहित्य विकणारं दुकान. लॅक्टोमीटर तिथे. मी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "कायले पायजे? म्हैस घेतली का?" मी म्हटलं, "नाही काका, आल्याचा सोडा मोजायचाय." दोन मिनिटं हसले, मग स्वतःच ग्लासभर पाणी आणलं आणि म्हणाले, "बुडवून पाह्य, शून्यावर आला तर ने." चांगलं दुकान ओळखायची हीच खूण. जो दुकानदार वस्तू तपासून देतो, त्याच्याकडेच पुन्हा जायचं. असं दुकान सापडत नसेल तर गावातल्या दूध संकलन केंद्रावर विचारा, ते कुठून आणतात ते सांगतील.

दुसरं, केकचं सामान विकणारं दुकान. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा इथे मिळतो. 'चमचाभर साखर' हे माप बगला चालतं, सोड्याला नाही.

तिसरं, भांड्यांचं दुकान. रुंद तोंडाची काचेची बरणी, स्टीलची बारीक गाळणी, नरसाळं. लोणच्याची जुनी बरणी घेऊ नका, तेल-मसाल्याचा वास जात नाही.

चौथं, शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेला माल देणारं सायंटिफिक स्टोअर. २५० मिलीचं मोजपात्र, ज्यात लॅक्टोमीटर सरळ तरंगेल, आणि पीएच पट्ट्या. वाशिमला नाही मिळालं तर अकोल्याला जाणारं कुणीतरी ओळखीचं असतंच, रेल्वेने एका दिवसात जाऊन येणं होतं. पीएच पट्टीसाठी कृषी सेवा केंद्रातही विचारा, फवारणीच्या पाण्यासाठी शेतकरी पीएच बघतात.

पाचवं, भाजी बाजार आणि किराणा. आलं कडक, रसदार, साल घट्ट असलेलं घ्या. सुरकुतलेलं, धुऊन चकचकीत केलेलं नको. साखरेऐवजी गूळ वापरायचा असेल तर आधी साखरेवर हात बसू द्या, मग प्रयोग करा.

एक सावधगिरी. किराणा दुकानात जाऊन पाच किलो काळा गूळ आणि नवसागर मागू नका. हातभट्टीवाल्यांची ती जुनी यादी आहे. आपल्याला नवसागर लागतही नाही. दुकानदार विचारेल "कशाला?" तर सरळ सांगा, सोडा बनवतोय. लपवण्यासारखं काही करायचंच नाही, हाच तर आजचा मुद्दा.

[१२:५०] जाता जाता

रिसोडच्या मित्रा, तू बिअरसाठी विचारलंस आणि मी तुला आलं धरायला लावलं. पण यीस्ट सांभाळणं, साखर मोजणं, दाब ओळखणं आणि योग्य वेळी थांबणं, हे चार जमले की ब्रूइंगचा पाया पक्का. उद्या फूड टेक्नॉलॉजी शिकलास, लायसन्सवाल्या ब्रुअरीत नोकरी लागली, तर हेच कामी येईल. आणि भरतीत निवड झाली, तर पार्टीला सोडा तुझ्या हातचा.

ऐकणाऱ्या सगळ्यांना गृहपाठ: या रविवारी फक्त बग सुरू करा. सोडा पुढच्या आठवड्यात. बरणीवर कागद चिकटवून तारीख लिहा. तिसऱ्या दिवशीचा बुडबुड्यांचा फोटो पाठवा, आणि तुमच्या तालुक्यात, मानोरा, मंगरुळपीर, कारंजा, मालेगाव, कुठेही लॅक्टोमीटर तपासून देणारं दुकान सापडलं तर तेही कळवा. पुढच्या एपिसोडमध्ये यादी वाचून दाखवतो.

आणि हो, काचेच्या बाटलीत भरू नका. माझी आई ऐकतेय.