सोमवारचा धर्म



धर्मावर व्याख्यान म्हटले की बोलणारा कोणी शास्त्री, कीर्तनकार किंवा धर्मगुरू असावा अशी आपली अपेक्षा असते. मी यांपैकी कोणी नाही. मी कामगार संघटनेत काम करणारा माणूस आहे, आणि ख्रिस्तीही नाही. तरी हा विषय मी मुद्दाम मागून घेतला. कॅथलिक श्रद्धा रोजच्या जीवनात कशी जगावी आणि ती दुसऱ्यापर्यंत कशी पोचवावी, या प्रश्नाचे विसाव्या शतकातले एक महत्त्वाचे उत्तर कारखान्याच्या फाटकापाशी सापडले. त्या उत्तराची हकीगत आज सांगायची आहे.

आपल्याकडे गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. रविवार हा खंडोबाचा वार, आणि ख्रिस्ती माणसाचा उपासनेचा दिवस. त्या दिवशी ज्याला त्याला आपापला देव भेटतो असे धरू. मग उरलेल्या सहा दिवसांचे काय? सोमवारी भोंगा झाला म्हणजे देव देवळात राहतो आणि माणूस यंत्रापाशी जातो. तिथे मुकादमाची शिवी असते, कमी भरलेले माप असते, आजारी सोबत्याची कापलेली हजेरी असते. त्या ठिकाणी धर्माला काही बोलायचे आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे.

कॅथलिक पंथाची रचना आपल्याला बाहेरून दिसते ती अशी : वर पोप, मग बिशप, मग गावोगावचे फादर, आणि सर्वांत खाली ऐकून घेणारे सामान्य लोक. वसईकडचे मराठी कॅथलिक या सामान्य लोकांना 'प्रापंचिक' म्हणतात. शब्द सुरेख आहे. प्रपंच सोडून परमार्थ नाही, ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. अरणच्या सावता माळ्याने ती आपल्या मळ्यात उभे राहून शिकवली. परंतु धर्म सांगणे हे धर्मगुरूचे काम आणि ऐकणे हे प्रापंचिकाचे, अशी वाटणी बहुतेक धर्मांत होऊन बसते, तशी ती कॅथलिकांतही झाली होती. ही वाटणी चुकीची आहे असे ज्यांनी आयुष्यभर सांगितले, त्यांपैकी एक बेल्जमचे फादर जोझेफ कार्डाइन.

कार्डाइन यांचा जन्म १८८२ सालचा. घरची कष्टाची परिस्थिती. ब्रुसेल्सजवळच्या हल या गावात ते वाढले. शाळा सुटल्यावर बरोबरीची मुले कारखान्यांत गेली आणि हे धर्मगुरू होण्यासाठी शिकायला गेले. सुट्टीत घरी आले तेव्हा जुने सोबती त्यांच्याकडे परक्या नजरेने पाहू लागले. हा आता मालकांच्या बाजूला गेला, अशी त्यांची समजूत झाली होती. ती समजूत अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही, कारण कामगाराला त्या काळचे चर्च बहुधा प्रतिष्ठितांच्या पंगतीला बसलेले दिसे. कामगारांना संघटना करण्याचा हक्क आहे असे पोप तेरावे लिओ यांनी १८९१ सालीच जाहीर केले होते. परंतु जाहीरनामा फाटकापर्यंत पोचायला वेळ लागतो, हे आम्हा संघटनेवाल्यांना चांगले ठाऊक आहे. १९०३ साली वडील वारले. कष्टाने झिजलेल्या त्या माणसाच्या मृत्युशय्येपाशी कार्डाइन यांनी निश्चय केला की आपले आयुष्य कामगारांसाठी द्यायचे.

१९१२ साली त्यांची नेमणूक ब्रुसेल्सच्या लाकेन भागात झाली. तिथे त्यांनी काम करणाऱ्या मुलामुलींचे गट जमवायला सुरुवात केली. पहिल्या महायुद्धात जर्मन फौजेने त्यांना दोनदा तुरुंगात टाकले. युद्धानंतर फेर्नां तोने, पॉल गार्से आणि जाक मेर या तरुण साथीदारांसह त्यांनी जे काम वाढवले, त्यातून १९२५ साली 'तरुण ख्रिस्ती कामगार' ही संघटना उभी राहिली. ती देशोदेशी पसरली. १९५७ साली रोममध्ये तिचे सुमारे तीस हजार तरुण जमले होते.

या संघटनेची पद्धत तीन शब्दांत सांगता येते : पाहा, पारखा, करा. शब्द सोपे आहेत, पण क्रम महत्त्वाचा आहे. उपदेशक सहसा पारखण्यापासून सुरुवात करतो, म्हणजे आधीच निवाडा देऊन मोकळा होतो. उतावळा कार्यकर्ता करण्यापासून सुरुवात करतो. कार्डाइन म्हणत, आधी पाहा.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका कारखान्यात चौदा-पंधरा वर्षांची उमेदवार पोरे आहेत. गटातल्या मुलाला 'पाहायला' सांगितले आहे. तो चार दिवस नोंद ठेवतो : पोरांना जेवायला किती वेळ मिळतो, पिण्याचे पाणी कुठे आहे, यंत्र साफ करताना ते बंद केले जाते की चालूच असते, मोठे कामगार त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलतात. आठवड्याच्या बैठकीत ही नोंद वाचली जाते. मग पारखणे. गटात शुभवर्तमानातला उतारा वाचतात आणि विचारतात : देवाने आपल्या प्रतिरूपात निर्माण केलेल्या मुलाला अशी वागणूक शोभते का? येशू स्वतः सुताराच्या घरी वाढला. तो या खात्यात आला असता तर त्याला काय दिसले असते? आणि शेवटी करणे. ठराव मोठा नसतो. एक जण नव्या पोराला यंत्र बंद करून साफ करायला शिकवील, दुसरा पाण्याची गोष्ट युनियनच्या कमिटीपुढे नेईल, तिसरा शिवीगाळ करणाऱ्या कारागिराशी बाहेर चहाच्या टपरीवर बोलेल. पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला : गेल्या वेळी ठरले ते झाले का?

यात एक गोष्ट ध्यानात घ्यावी. धर्मगुरू गटात असला तरी पाहणी, निवाडा आणि कृती तरुणांचीच असते. कामगारांमध्ये काम करायचे ते कामगारांनीच, हा कार्डाइन यांचा आग्रह होता. खात्यात फादर आठ तास उभा राहू शकत नाही. शेजारचा सोबती उभाच असतो. म्हणून श्रद्धा पोचवण्याचे खरे ठिकाण व्यासपीठ नसून शेजारचे यंत्र आहे.

याची किंमत काय पडते ते मार्सेल कालो या फ्रेंच तरुणाकडे पाहून कळते. तो १९२१ साली रेन शहरात जन्मला. लहान वयातच छापखान्यात उमेदवारीला लागला आणि खिळे जुळवणारा जुळारी झाला. तरुण कामगारांच्या गटात तो पुढे होता. १९४३ साली नाझी सत्तेने फ्रेंच तरुणांना सक्तीने जर्मनीत कामाला नेले, त्यांत तोही होता. त्सेला-मेलिस गावच्या शस्त्रांच्या कारखान्यात त्याला ठेवले. पहिले काही महिने तो खचून गेला होता. पुढे मात्र त्याने बराकीतल्या सोबत्यांकडे पाहायला सुरुवात केली. आजाऱ्यांची विचारपूस, खेळ, नाटकाची मंडळी, आणि फ्रेंच भाषेतली मिस्सा, असे त्याने हळूहळू जमवले. १९ एप्रिल १९४४ रोजी त्याला अटक झाली. कारण विचारले तेव्हा उत्तर मिळाले की हा फारच कॅथलिक आहे. १९ मार्च १९४५ रोजी माउथहाउझेनच्या छळछावणीत तो मेला, वय तेवीस. त्याच वर्षी तोने आणि गार्से डाखाउच्या छावणीत मेले. १९८७ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी मार्सेलला 'धन्य' ही संतपदाच्या अलीकडची पायरी दिली. हा संत मठातला नव्हता. तो छापखान्यातला होता. आणि त्याचा गुन्हा काय, तर सोबत्यांना एकटे पडू दिले नाही.

आता दोन शंका. पहिली आपल्यांपैकी अनेकांच्या मनात असेल : हे सारे धर्मांतरासाठीच नव्हे काय? आपली श्रद्धा दुसऱ्याला कळावी ही इच्छा कॅथलिक माणूस लपवीत नाही, आणि लपवू नये. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्यावर जो जाहीरनामा काढला, त्यात धर्माच्या बाबतीत सक्ती नको, आणि विशेषतः गरीब व अडाणी माणसाला आडमार्गाने वळवू नये, असे स्पष्ट बजावले आहे. मदतीचा भाकरतुकडा पुढे करून त्याच्या मागे अट ठेवणे हे त्यामुळे त्यांच्याच कसोटीला उतरत नाही. असे कुठे घडले तर हाच दाखला पुढे करून जाब विचारता येतो.

दुसरी शंका माझ्या धंद्यातली आहे. धर्माच्या नावाने निराळ्या युनियन निघाल्या तर संपाच्या वेळी फळी फुटते. बेल्जममध्ये ख्रिस्ती आणि समाजवादी अशा निरनिराळ्या युनियन आहेत. माझे मत विचाराल तर एका खात्यात एकच युनियन असावी. पण कार्डाइन यांची संघटना ही युनियन नव्हती. ती तरुण माणूस घडवण्याची शाळा होती. असा घडलेला माणूस कोणत्याही युनियनला हवाच असतो, कारण तो वर्गणी भरून थांबत नाही. शेजाऱ्याची हजेरी का कापली, हे विचारायला उठतो.

चर्चनेही अखेर हे काम आपले मानले. १९६१ साली पोप तेविसावे जॉन यांनी आपल्या सामाजिक पत्रात पाहणे, पारखणे, करणे ही पद्धत नावानिशी स्वीकारली. नोव्हेंबर १९६५ मध्ये व्हॅटिकन परिषदेने प्रापंचिकांच्या कार्यावर स्वतंत्र निर्णयपत्र काढले आणि सांगितले की ही जबाबदारी त्यांना स्नानसंस्कारानेच मिळते, ती कोणा धर्मगुरूने उसनी दिलेली नसते. त्याच वर्षी कार्डाइन यांना कार्डिनल करण्यात आले. १९६७ साली ते वारले.

माझ्या ख्रिस्ती बांधवांना यातून काय घ्यावे हे मी सांगायला नको. इतरांना एवढेच सुचवतो की उद्या आपापल्या कचेरीत, दुकानात, शाळेत वा खात्यात एक दिवस नुसते पाहावे : सर्वांत कमी पगाराचा माणूस कोण, तो जेवतो कुठे, त्याला हाक कशी मारली जाते. मग रात्री, ज्याचा जो धर्मग्रंथ असेल तो, आणि ज्याचा कोणताच नसेल त्याने आपली विवेकबुद्धी समोर ठेवून, जे पाहिले ते पारखावे. तिसऱ्या शब्दाचे काय करायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र आठ दिवसांनी स्वतःला विचारावे, ठरले ते झाले का?