पहिले अक्षर : गाण्याचा पत्ता आणि ओवीची अडचण

गाण्याच्या भेंड्या हा खेळ मराठी समाजाच्या इतक्या परिचयाचा आहे की, अभ्यासविषय म्हणून त्याकडे क्वचितच पाहिले जाते. लग्नघर, सहलीची बस, श्रमसंस्कार शिबिरातील रात्र अशा ठिकाणी दोन गट समोरासमोर बसतात. एका गटाने जेथे गाणे थांबविले, तेथील शेवटच्या अक्षराने सुरू होणारे गाणे दुसऱ्या गटाने म्हणावयाचे असते. ते सुचले नाही तर त्या गटावर भेंडी चढते. या खेळात गाणे निवडले जाते ते त्याच्या अर्थावरून, रसावरून वा प्रसंगावरून नव्हे, तर केवळ पहिल्या अक्षरावरून. निवडीची ही पद्धती गीतांच्या स्मरणावर कोणता परिणाम करते आणि कोणत्या प्रकारची गीते तिच्या कक्षेबाहेर राहतात, हा प्रश्न लोकसाहित्याच्या अभ्यासकाला महत्त्वाचा वाटावयास हवा. परभणी जिल्ह्याच्या संदर्भात तो अधिक स्पष्ट होतो.

प्रथम 'अक्षर' या संकल्पनेचा विचार करू. भेंड्यांमध्ये 'पाणी' या शब्दावर गाणे थांबले तर पुढील गाणे 'णी'ने सुरू व्हावे अशी अपेक्षा नसते. स्वरचिन्ह बाजूला सारून व्यंजन तेवढे घेतले जाते. 'घर' हा शब्द बोलताना 'घर्' असा एकाच झटक्यात उच्चारला जातो. खेळात मात्र त्याची दोन अक्षरे मानून 'र' पुढे दिला जातो. अभंग आणि ओवी यांची अक्षरगणनाही अशीच चालते. लहान अभंगाच्या चरणात आठ अक्षरे मोजताना 'घर' ही दोन अक्षरेच धरली जातात आणि गाताना अंत्य 'अ' पुष्कळदा स्पष्टपणे उच्चारला जातो. छंदःशास्त्राचे नावही न ऐकलेला खेळगडी अशा रीतीने अक्षरछंदाचे एकक नकळत सांभाळीत असतो.

या नियमाला पडणारे अपवाद तितकेच बोलके आहेत. 'आभाळ' या शब्दाने गाणे संपले की 'ळ'ऐवजी 'ल' घेण्याची सवलत मिळते, कारण मराठीत 'ळ'ने सुरू होणारा शब्द नाही. 'ण'ऐवजी 'न' घेण्यामागेही हेच कारण आहे. महाराष्ट्री प्राकृतात, उदाहरणार्थ गाहा सत्तसईच्या भाषेत, शब्दारंभी 'ण' सर्रास आढळतो. मराठीत त्या जागी 'न' आला. खेळातील सवलत ही अशा प्रकारे भाषेच्या वर्णव्यवस्थेचीच कबुली होय. जपानी मुलांच्या शिरितोरी या शब्दसाखळीच्या खेळात 'न्' या ध्वनीने संपणारा शब्द उच्चारणारा हरतो, कारण त्या ध्वनीने जपानी शब्द सुरू होत नाही. जपानी खेळ भाषेची ही मर्यादा शिक्षेत रूपांतरित करतो, तर मराठी खेळ तिच्यावर तडजोड काढतो.

१९४८ पर्यंत परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता व तेथील शिक्षणाचे आणि कारभाराचे माध्यम उर्दू होते. उर्दूतील बैतबाजी हा भेंड्यांचा सख्खा भाऊ. तेथे शेराच्या अखेरच्या हर्फाने पुढचा शेर सुरू करावा लागतो. परंतु हर्फ म्हणजे लिपीतील वर्ण. 'जाना' या शब्दावर थांबल्यास मराठी खेळाडू 'न' उचलील, तर बैतबाजीतील खेळाडूला अलिफ घ्यावा लागेल. नियमाचे शब्द दोन्हीकडे सारखेच आहेत; मात्र भाषा व लिपी बदलताच 'शेवटचे' म्हणजे काय याचे उत्तरही बदलते.

एका पंक्तीचा शेवट दुसऱ्या पंक्तीच्या आरंभाशी जोडण्याची ही रीत मराठी काव्याला नवीन नाही. चरणाच्या अखेरची अक्षरे पुढील चरणाच्या आरंभी पुन्हा येतात, त्या रचनेला दामयमक म्हणतात. यमकांवर प्रभुत्व असलेल्या मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) परंपरेत ती परिचित आहे. दामयमक एकाच कवीच्या रचनेत दोन चरण बांधते; भेंड्या दोन परक्या गाण्यांची गाठ मारतात. अर्थाचा धागा तेथे तुटतो आणि अक्षराचा तेवढा उरतो.

या तुटण्याचा पहिला परिणाम कर्तृत्वावर होतो. खेळात गाण्याचा मुखडा पुरेसा असतो. अभंगात मात्र कवीची नाममुद्रा अखेरच्या चरणात येते. परभणी जिल्ह्यातील गोदाकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. त्यांच्या नावावरील सुमारे साडेतीनशे अभंगांतील अनेकांच्या शेवटी जनी हे नाव आणि त्यासोबत नामदेवांच्या दासीपणाचा उल्लेख येतो. भेंड्यांत त्यांचा एखादा अभंग निघालाच तर तो मुद्रेपर्यंत पोहोचत नाही. जनीचे शब्द उरतात. जनी उरत नाही. भजनात अभंग वेळेनुसार व क्रमानुसार येतो. काकड्याचा अभंग हरिपाठाच्या वेळी म्हणत नाहीत आणि मुद्रेचा चरण गाळीत नाहीत. निवडीचा नियम बदलला की त्याच अभंगाचा कोणता भाग जिवंत राहील हेही बदलते.

दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. पहिले अक्षर हा गाण्याचा पत्ता होय. गाथेच्या शेवटी दिलेली अभंगांची अकारविल्हे सूची याच पत्त्यावर आधारलेली असते. पत्ता असण्यासाठी आरंभ निश्चित असावा लागतो. छापलेल्या अभंगाला आणि ध्वनिमुद्रित चित्रपटगीताला तो असतो. जात्यावरच्या ओवीला तो नसतो. तीच ओवी एक बाई 'बाई' या संबोधनाने उचलते, तर दुसरी 'सांगते' या क्रियापदाने. आरंभीचे शब्द हे बहुधा सूर लागेपर्यंतचे पाऊल असते. ओवी ओळखली जाते ती अखेरच्या यमकाने आणि ज्याच्यासाठी ती गायिली त्या भाऊ, लेक, आई वा विठ्ठल या नात्याने. दळणारीला पुढची ओवी सुचते ती मागच्या ओवीतील नात्यावरून वा यमकावरून, आरंभाच्या अक्षरावरून नव्हे. म्हणूनच भेंड्यांत ओवी सहसा येत नाही. ज्या स्त्रीला शेकडो ओव्या पाठ आहेत तीही 'स'वरून ओवी मागितली असता गप्प बसते. ते मौन अज्ञानाचे नाही. तिच्या स्मरणाची रचनाच निराळी आहे.

जनाबाई या दोन व्यवस्थांच्या सीमेवर उभ्या आहेत. दळणकांडण हा त्यांच्या अभंगांचा परिसर आहे. विठ्ठल त्यांच्यासोबत जाते ओढतो. परंतु त्यांची रचना अभंग म्हणून लिहिली गेली, तिला पहिला चरण लाभला आणि ती सूचीत बसली. त्याच गोदाकाठी दळणाऱ्या इतर असंख्य स्त्रियांच्या ओव्यांना ते भाग्य मिळाले नाही. पिठाच्या गिरण्या आल्यावर ओवीचा रोजचा प्रसंग संपला. लग्नाच्या हळदीच्या दळणापुरता तो काही ठिकाणी उरला. प्रसंग गेला आणि पत्ता कधीच नव्हता, अशा दुहेरी कोंडीत ओवी सापडली.

नंतरच्या काळात अक्षरनियमाचे राज्य विस्तारले. १९९३ मध्ये झी टीव्हीवर 'अंताक्षरी' हा कार्यक्रम सुरू झाला आणि हा घरगुती खेळ हिंदी चित्रपटगीतांसह दूरचित्रवाणीवर रूढ झाला. दाइसुके इनोउए यांनी १९७१ मध्ये जपानमधील कोबे येथे करा‍ओकेचे यंत्र तयार केले. 'रिकामा वाद्यवृंद' असा त्या शब्दाचा अर्थ. करा‍ओकेच्या यादीतही गाणे पुष्कळदा शीर्षकाच्या आद्याक्षराने शोधले जाते. मोबाइलवर गाणे शोधताना पहिली दोनतीन अक्षरे टंकली की पुढची ओळ समोर येते. गाणारा माणूस आता आठवीत नाही, निवडतो. आणि यादीत जे नाही ते निवडता येत नाही.

याचा थेट संबंध विद्यापीठीय संशोधनाशी आहे. पदव्युत्तर प्रकल्पांसाठी व प्रबंधांसाठी ओव्या गोळा केल्या जातात आणि सोय म्हणून त्या अकारविल्हे मांडल्या जातात. असे केल्यास एकाच ओवीची दोन रूपे 'ब' आणि 'स' या दोन टोकांना जातात, तर परस्परांशी संबंध नसलेल्या पन्नास ओव्या 'बाई'खाली एकत्र येतात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या व त्यांचे वर्गीकरण आशयानुसार केले; २०१७ पासून 'परी' या संकेतस्थळावर तो ठेवा क्रमाने प्रसिद्ध होऊ लागला. आशयाचा हा आधार ओवीच्या प्रकृतीला धरून आहे.

परभणी जिल्ह्यात ओव्यांचे संकलन करणाऱ्या विद्यार्थ्याने प्रत्येक ओवीसोबत गाणारीचे गाव, प्रसंग, संबोधिलेले नाते आणि यमकाची जोडी नोंदवावी आणि ओव्या ज्या क्रमाने गायिल्या गेल्या तो क्रम मोडू नये. अकारविल्हे सूची शेवटी परिशिष्टात द्यावी व तिच्याजवळच यमकांची सूची असावी. आद्याक्षर ही शोधणाऱ्याची सोय आहे. गाणारीचे स्मरण ज्या क्रमाने चालते तो क्रम तिच्या रचनेचाच भाग असतो; तो एकदा संकलनाच्या वहीतच पुसला गेला, तर पुढे कोणत्याही सूचीतून तो परत मिळविता येत नाही.