पॅरिसचा लंबक, सतवासची वेळ

1921 साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी सचिव म्हणून देवासला राहिले. राजवाड्यात त्यांनी नवेकोरे पियानो पाहिले, पण ते वाजत नव्हते. माळव्याच्या कोरड्या हवेनं लाकूड तडकलं होतं, पट्ट्या अडकून बसल्या होत्या. पुढे 1953 मध्ये आलेल्या ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात त्यांनी ही हकिकत लिहून ठेवली.

ती वाचताना मला नेहमी दुसऱ्याच एका परदेशी वस्तूची आठवण होते. ती म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं फ्रेंच टेबल-घड्याळ. देवास जिल्ह्याच्याच दक्षिणेला, नर्मदेच्या बाजूला सतवास आहे. तिथल्या मे महिन्यात, तिथल्या पावसाळ्यात असं घड्याळ ठेवलं तर त्याचं काय होईल? पियानोसारखंच होईल का? याचं उत्तर त्या घड्याळाच्या घडणीत आहे, म्हणून आधी घडण पाहू.

किती हातांचं काम

तबकडीवर एकच नाव असतं, आणि पुष्कळदा ते विकणाऱ्या पेढीचं असतं. घडवणारे हात मात्र बरेच. अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये घड्याळजी यंत्र करी, ओतारी पितळी-काशाचं घर ओती, नक्षीकार छिन्नीनं त्याच्या कडा जिवंत करी, मुलामेवाला सोनं चढवी आणि मीनाकाम करणारा तांब्याच्या पत्र्यावर पांढरी तबकडी भाजून काढी. जोसेफ कोतोसारख्या मीनाकारांच्या तबकड्यांना तेव्हाही वेगळा मान होता. पुण्याच्या तांबट आळीत किंवा नाशिकच्या भांडी-बाजारात वावरलेल्या माणसाला ही वाटणी नवी वाटणार नाही. एकाचा हात ओतण्यात बसलेला, दुसऱ्याचा ठोकण्यात, तिसऱ्याचा जिल्हई देण्यात.

सोन्याच्या मुलाम्याबद्दल थांबून सांगायला हवं. सोनं पाऱ्यात कालवून त्याचा लगदा धातूवर फासायचा, मग विस्तवावर धरायचं. पारा उडून जातो, सोनं धातूला घट्ट धरून राहतं. मग काही भाग घोटून आरशासारखा करायचा आणि काही मुद्दाम मंद ठेवायचा. देवतेच्या मूर्तीचा खांदा चमकतो आणि तिचं वस्त्र मऊ दिसतं, ते या दोन तऱ्हांमुळे. पण उडालेला पारा कारागिराच्या छातीत जाई. हात थरथरत, दात जात, आयुष्य अर्ध्यावर सरे. आंत्वान-आंद्रे राव्रियो हा स्वतः काशाच्या वस्तूंचा नामांकित कारखानदार होता. 1814 मध्ये तो वारला तेव्हा त्यानं मृत्युपत्रात 3,000 फ्रँक ठेवले, मुलामेवाल्यांना पाऱ्यापासून वाचवण्याचा उपाय शोधणाऱ्यासाठी. दार्से या रसायनशास्त्रज्ञानं वाफ वर खेचून घेणारी भट्टी रचली आणि ते बक्षीस मिळवलं. अशा घड्याळाच्या झळाळीकडे बघताना हे बक्षीसही आठवावं, कारण त्या झळाळीची किंमत कोणीतरी श्वासानं मोजली होती.

पाठ फिरवल्यावर

आता घड्याळ उलटं फिरवा आणि मागचं दार उघडा. समोर दिसतं ते गोल, जाड पितळी पत्र्यांमध्ये बसवलेलं यंत्र. आपल्याकडचे घड्याळजी त्याला नुसतं ‘मशीन’ म्हणतात. बाहेरचं घर मूर्तीचं असो, काळ्या दगडाचं असो की कासवाच्या पाठीचं, आतलं मशीन बहुधा याच घडणीचं. दोन स्प्रिंगा, दोन डबे. समोरून पाहिलं तर उजव्या भोकातली चावी वेळेची, डावीकडची ठोक्यांची. एकदा चावी दिली की साधारण दोन आठवडे चालतं. तरी जाणती माणसं आठवड्याचा एक वार ठरवून चावी देतात, कारण स्प्रिंग सैल पडत गेली की चालही मंदावते.

हा सारखेपणा आपोआप आलेला नाही. स्विस सीमेजवळच्या बोकूर गावात फ्रेडरिक जापी यानं घड्याळाचे भाग यंत्रावर काढायला सुरुवात केली आणि 1799 मध्ये आपल्या यंत्रांचं पेटंट घेतलं. पुढे त्याच्या वारसांच्या कारखान्यातून आणि नॉर्मंडीतल्या सें-निकोला-दालिएर्मों गावातून अर्धवट तयार मशीनं पॅरिसला जात. तिथे ती घासूनपुसून, जुळवून, तपासून पुरी केली जात. मोजमाप ठरलेलं असल्यामुळे दूरदेशीच्या घड्याळजीलाही मशीन उघडताक्षणी कुठे काय आहे ते कळतं.

ठोक्यांची व्यवस्था तर पाहण्यासारखीच. जुन्या घड्याळात मागच्या पत्र्यावर एक चाक असतं. त्याच्या काठावर वाढत्या अंतरानं खाचा असतात. एक पट्टी खाचेत पडली की ठोके थांबतात. तासांचे 78 आणि अर्ध्या तासांचे 12, असे बारा तासांत 90 ठोके या एका चाकात कोरलेले. काट्यांशी मात्र त्याचं नातं नसतं. ते फक्त मागच्या वेळेनंतर किती, एवढंच जाणतं. म्हणून काटे घाईनं फिरवले, ठोके पुरे होऊ दिले नाहीत, तर घड्याळ तीन वाजता सात ठोके देतं. काटा प्रत्येक अर्ध्या तासावर थांबवायचा, ठोके ऐकायचे, मग पुढे सरकायचं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दात्यांच्या पट्टीची नवी पद्धत रुळली आणि ही अडचण सरली.

चार पूस, सहा लीन्य

मागच्या पत्र्याच्या तळाशी बारीक आकडे ठोकलेले दिसतात. एक असतो मशीनचा क्रमांक. दुसरी बहुतेकदा एक जोडी असते, उदाहरणार्थ 4 आणि 6. ही लंबकाची लांबी: चार पूस, सहा लीन्य. पूस म्हणजे जुना फ्रेंच इंच, सुमारे 27 मिलिमीटर, आणि लीन्य त्याचा बारावा भाग. फ्रान्सनं 1840 पासून मीटर सक्तीचा केला, तरी घड्याळजींनी पूस आणि लीन्य सोडले नाहीत. मनगटी घड्याळाच्या मशीनचा आकार आजही लीन्यमध्ये सांगतात.

चार पूस सहा लीन्य म्हणजे जेमतेम 122 मिलिमीटर. एवढा आखूड लंबक मिनिटाला सुमारे 170 वेळा टिकटिकतो. पण ही लांबी पॅरिससाठी आहे, आणि आपल्या प्रश्नाची गाठ इथेच पडते.

1672 मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीनं जाँ रिशे याला दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला पाठवलं होतं. पॅरिसमध्ये अचूक लावलेलं लंबकाचं घड्याळ तिथे रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. लंबक आखूड केला तेव्हा ते ताळ्यावर आलं. कारण असं की पृथ्वी ध्रुवांजवळ चपटी आणि विषुववृत्ताजवळ फुगीर आहे, शिवाय फिरते आहे. विषुववृत्ताकडे गेलं की तिची ओढ थोडी कमी होते आणि लंबक आळसावतो.

पॅरिस जवळजवळ 49 अंशांवर आहे, सतवास साडेबावीसच्या आसपास. हिशेब मांडला तर पॅरिसला बिनचूक असलेलं घड्याळ सतवासला रोज सुमारे 98 सेकंद मागे पडेल. उन्हाचा दोष त्यामानानं किरकोळ. जानेवारीतल्या रात्रीचे 10 अंश आणि मे महिन्यातल्या दुपारचे 40 अंश यांत पोलादी दांडी थोडी लांबते, पण त्यानं फरक पडतो दिवसाला 15 सेकंदांच्या आसपास. म्हणजे घरातले लोक उन्हाळ्याला दोष देत असतील, आणि खरं कारण पृथ्वीच्या आकारात असेल.

बारा आकड्याजवळचं भोक

मग हे 98 सेकंद भरून कसे काढायचे? आपल्या 122 मिलिमीटरच्या लंबकाला फक्त 0.28 मिलिमीटर आखूड करायचं. हाताच्या अंदाजानं हे जमणारं नाही. इथे आशिल ब्रोको या पॅरिसच्या घड्याळजीचं काम उभं राहतं. त्याच्याआधी लंबक रेशमी दोऱ्याच्या फासात टांगत. दोरा गुंडाळला की लंबक आखूड, सोडला की लांब. कल्पना सुंदर, पण रेशीम हवेतली ओल पितं. आषाढात आणि वैशाखात त्याची लांबी सारखी राहत नाही, आणि वर्षांनी ते विरतंही. ब्रोकोच्या टांगणीत रेशमाच्या जागी पोलादाच्या दोन पातळ पट्ट्या आल्या. त्यांच्यावरून वर-खाली सरकणारा एक छोटा ठोकळा लंबकाची कामाची लांबी ठरवतो, आणि तो फिरवायची दांडी थेट तबकडीपर्यंत आणलेली असते. बारा आकड्याजवळ एक बारीक भोक दिसतं, ते हेच. चावीचं दुसरं, बारीक टोक त्यात बसतं. बाजूला फ्रेंच घड्याळांवर ‘ए’ आणि ‘आर’ अशी अक्षरं असतात: पुढे आणि मागे. याच ब्रोकोनं दात्यांची प्रमाणं काढण्यासाठी अपूर्णांकांची एक रीत मांडली, आणि ती आज गणितात स्टर्न-ब्रोको वृक्ष म्हणून शिकवतात.

पियानोचा प्रश्न आता सुटतो. पियानोचा जीव लाकडात होता. कासवाची पाठ आणि पितळेच्या पट्ट्या लाकडावर चिकटवलेलं बूल पद्धतीचं घड्याळ असेल, तर त्याचेही सतवासला हाल होतील. लाकूड आकसेल, पितळ आकसणार नाही, आणि पट्ट्या उचकटतील. पण काशाच्या घरातलं मशीन त्या हवेत तगतं. तेल मात्र सुकतं, धूळ त्यात मिसळून चाकांच्या आसांच्या टोकांना झिजवते, म्हणून काही वर्षांनी मशीन पूर्ण खोलून धुवावंच लागतं. आणि टिकटिक लंगडी ऐकू आली, एक ठोका लांब आणि एक आखूड, तर घड्याळ ज्यावर ठेवलं आहे ती जागा आधी पाणसळ लावून बघावी. पुष्कळदा दोष टेबलाचा असतो.

जुन्या घड्याळाची तारीफ करताना आपण मूर्तीबद्दल बोलतो, सोन्याबद्दल बोलतो. मला त्या भोकाबद्दल बोलावंसं वाटतं. पॅरिसच्या बाकावर बसलेल्या माणसानं सतवास पाहिलं नव्हतं. तरी आपलं घड्याळ कुठेतरी जाईल, तिथली ओढ वेगळी असेल, आणि तिथल्या माणसाला घड्याळ न खोलता ते जुळवून घेता आलं पाहिजे, एवढं त्यानं धरलं होतं. रोज 98 सेकंद म्हणजे आठवड्याला साडेअकरा मिनिटं. रविवारी चावी देताना बारीक टोक त्या भोकात घालायचं, ‘ए’कडे किंचित फिरवायचं, आणि पुढच्या रविवारपर्यंत वाट बघायची. दोन-तीन रविवारांत पॅरिसचं घड्याळ सतवासची वेळ दाखवू लागतं.