रोजच्या रस्त्यावरची सुपरमोटो

चिखलमातीत आणि उंचसखल मैदानात पळवण्यासाठी घडवलेल्या मोटारसायकलची मोठी, गाठीदार टायरांची चाके काढून त्या जागी डांबरी रस्त्यासाठीची लहान व रुंद चाके बसवली, पुढचा ब्रेक अधिक ताकदीचा केला आणि बाकीचा सांगाडा जवळजवळ तसाच ठेवला, की जी गाडी तयार होते तिला सुपरमोटो म्हणतात. फ्रान्समध्ये आणि इटलीत तिला सुपरमोटार्ड या नावाने ओळखतात. उंच आसन, रुंद हँडल, बहुधा एकाच सिलिंडरचे इंजिन आणि अंगावर अनावश्यक काही नसलेला सडपातळ बांधा ही तिची लक्षणे होत. ती विकत घेऊ पाहणारे बहुतेक जण तिच्या शर्यतीतल्या रूपावर भाळलेले असतात आणि निवड तिथेच चुकते, कारण रोज कामावर नेणाऱ्या गाडीकडून ज्या गुणांची अपेक्षा असते ते शर्यतीच्या सुपरमोटोतून मुद्दाम वगळलेले असतात. अश्वशक्ती किती, हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवून इंजिन किती किलोमीटरनंतर उघडावे लागते, आसन जमिनीपासून किती उंच आहे आणि टाकीत किती पेट्रोल मावते, हे तीन प्रश्न आधी विचारले, तर पुढ्यातली बरीचशी यादी आपोआप गळून पडते.

या प्रकाराचा जन्म दूरचित्रवाणीच्या पडद्यासाठी झाला, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. मोटोक्रॉसचा, म्हणजे कच्च्या मैदानावरील शर्यतीचा, मातीच्या सपाट लंबवर्तुळाकार धावपट्टीचा आणि डांबरी ट्रॅकचा असे तिन्ही क्षेत्रांतले स्वार एकाच शर्यतीत उतरवले तर त्यांत सरस कोण ठरेल, या कुतूहलातून गॅव्हिन ट्रिप यांनी 1979 मध्ये कॅलिफोर्नियातील कार्ल्सबाड येथे ‘सुपरबाइकर्स’ ही स्पर्धा भरवली आणि अमेरिकेच्या एबीसी वाहिनीने ती आपल्या क्रीडा-कार्यक्रमात दाखवली. धावमार्गाचा काही भाग डांबरी आणि काही मातीचा असल्यामुळे निव्वळ रस्त्याची किंवा निव्वळ मातीची गाडी तिथे अपुरी पडे. पहिल्या वर्षी मोटोक्रॉसचा स्वार केंट हॉवर्टन जिंकला. अमेरिकेतील ही स्पर्धा 1985 नंतर बंद पडली, पण तोवर फ्रान्समध्ये तिने मूळ धरले होते, आणि पुढे 2002 पासून आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही सुरू झाली. दिवे, आरसे आणि नंबरप्लेट लावून रस्त्यावर चालवता येतील अशा सुपरमोटो कारखान्यांनी विकायला काढल्या त्या या युरोपीय लोकप्रियतेच्या बळावर.

शर्यतीसाठी जन्मलेली ही रचना शहरात आणि वळणावळणाच्या रस्त्यावर इतकी चपळ का वाटते, याचे उत्तर चाकांत आहे. मोटोक्रॉसच्या गाडीला पुढे 21 इंची आणि मागे 18 किंवा 19 इंची चाक असते. मोठे चाक खड्ड्यात कमी अडकते आणि दगडावरून सहज चढते, म्हणून ते तसे असते. सुपरमोटोत दोन्ही चाके साधारणपणे 17 इंची असतात आणि त्यांवर पुढे 120 मिलिमीटर, तर मागे 150 किंवा 160 मिलिमीटर रुंदीचे टायर बसतात, जे स्पोर्ट बाइकच्या मापाचे असल्यामुळे कुठल्याही मोठ्या शहरात मिळतात आणि ओल्या डांबरावरही चांगली पकड देतात. टायर धरून मोजले, तर पुढच्या चाकाचा व्यास सुमारे 9 सेंटिमीटरने आणि मागच्याचा सुमारे साडेसहा सेंटिमीटरने घटतो. त्यामुळे पुढचा भाग मागच्यापेक्षा किंचित अधिक खाली बसतो, फोर्कचा कल थोडा अधिक उभा होतो आणि हँडलच्या हलक्याशा दाबानेही गाडी वळणात झुकते. रुंद हँडलमुळे स्वाराला तरफेसारखा फायदा मिळतो, दीडशे किलोच्या आसपासच्या वजनामुळे ती एका लेनमधून दुसरीत सहज सरकते, आणि उंच बसल्यामुळे पुढच्या मोटारीच्या टपावरून पलीकडची वाहतूक दिसते. दाट रहदारीत या शेवटच्या गोष्टीचे मोल अश्वशक्तीपेक्षा निश्चितच जास्त आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे सस्पेन्शनचा प्रवास, अर्थात खड्डा आला असता चाक वरखाली किती सरकू शकते ते अंतर. रस्त्यावरच्या साध्या गाडीत ते 120 ते 150 मिलिमीटर असते, तर सुपरमोटोत 200 मिलिमीटरच्या पुढे जाते. उखडलेले डांबर, अचानक समोर येणारा गतिरोधक, अर्धवट बुजवलेला चर, यांवरून जाताना हा जादा प्रवास स्वाराच्या पाठीचा कणा वाचवतो. मात्र त्याची किंमतही असते, कारण पुढचा ब्रेक दाबताच लांब फोर्क खोल दबतो, गाडी नाक खुपसल्यासारखी पुढे झुकते आणि नवख्या स्वाराला ती अंगावर येते असे वाटते. शिवाय 21 इंची चाक गेल्यामुळे खोल, तीक्ष्ण कडेच्या खड्ड्यात रिमला मार बसण्याची शक्यता साहसी प्रवासाच्या गाडीपेक्षा जास्तच राहते. सुपरमोटोला खड्डेच लागत नाहीत, हा समज म्हणूनच अर्धाच खरा आहे.

आता इंजिनाकडे वळता, स्पर्धेसाठी बनवलेल्या 450 सीसीच्या सुपरमोटोच्या माहितीपुस्तिकेत देखभालीचे वेळापत्रक किलोमीटरांत नव्हे तर इंजिन चाललेल्या तासांत दिलेले असते, आणि ऑइल बदलण्यापासून पिस्टन बदलण्यापर्यंतची कामे त्या तासांच्या हिशेबाने येतात. अशा इंजिनात ऑइल लिटरभराच्या आसपासच मावते, सगळे भाग वजन वाचवण्यासाठी बारीक केलेले असतात आणि सिग्नलला तापत उभे राहणे त्यांच्या कल्पनेतच नसते. रोज तासाभराचा प्रवास करणाऱ्याला या हिशेबाने महिन्याला एकापेक्षा अधिक वेळा गॅरेज गाठावे लागेल. रस्त्यासाठी बनवलेल्या इंजिनांचे चित्र याच्या अगदी उलट आहे: यामाहाने 2007 च्या सुमारास बाजारात आणलेल्या डब्ल्यूआर 250 एक्स या गाडीचे व्हॉल्व्ह, म्हणजे गॅरेजच्या भाषेत टॅपेट, सुमारे 42,000 किलोमीटरनंतर तपासायचे होते, डुकाटीने हायपरमोटार्ड 698 मोनोसाठी हाच टप्पा 30,000 किलोमीटर ठेवला आहे, आणि केटीएम 690 एसएमसी आरचे सर्व्हिसिंग दर 10,000 किलोमीटरनंतर येते. यामाहाचे ते 250 सीसीचे इंजिन शक्तीच्या तक्त्यात कुठेच उठून दिसत नाही. रोजच्या वापराच्या कसोटीवर मात्र ते आपल्या काळातल्या सर्वांत शहाण्या इंजिनांपैकी एक होते.

आसनाच्या उंचीबाबत तक्त्यातला आकडा पाहून लगेच घाबरण्याचे कारण नाही आणि त्याकडे दुर्लक्ष करण्याचेही नाही. केटीएम 390 एसएमसी आरचे आसन 860, सुझुकी डीआर-झेड 4 एसएमचे 890 आणि हायपरमोटार्ड 698 मोनोचे 904 मिलिमीटर उंच आहे, तर शहरातल्या बहुतेक साध्या मोटारसायकली 800 मिलिमीटरच्या आसपास असतात. सुपरमोटोचे आसन अरुंद असल्यामुळे पाय फाकावे लागत नाहीत आणि स्वार बसताच लांब सस्पेन्शन काही सेंटिमीटर दबते, त्यामुळे प्रत्यक्ष उंची कागदावरच्यापेक्षा कमी जाणवते. तरीही मध्यम उंचीच्या व्यक्तीचे दोन्ही तळवे टेकत नाहीत, एक पाय टेकवून उभे राहण्याची सवय करावी लागते, आणि मागे कोणी बसलेले असताना चढावर हीच सवय कसोटीला लागते. डबलसीट नियमित जावे लागत असेल, तर हा प्रकार न घेतलेलाच बरा, कारण मागची जागा नावापुरती असते. उंची कमी करण्यासाठी सस्पेन्शन आखूड करून घेणे हा उपाय मात्र फसवा आहे. ज्या गुणासाठी गाडी घेतली तोच त्यात जातो, त्यापेक्षा आसनातला फोम तासून घेणे स्वस्त आणि निरुपद्रवी.

टाकीचा हिशेब सोपा आहे. लिटरला 25 किलोमीटर धरले, तर डीआर-झेड 4 एसएमची 8.7 लिटरची टाकी जेमतेम 217 किलोमीटर पुरते आणि केटीएम 390 ची 9 लिटरची 225, तर 690 एसएमसी आरच्या साडेतेरा लिटरांत सव्वातीनशेच्या पुढे जाता येते. शहरात यामुळे दोनतीन दिवसांआड पंप गाठावा लागतो, इतकेच. महामार्गावर मात्र टाकीच्या आधी माणूस थकतो, कारण पुढे काच नसल्यामुळे छातीवर वारा सतत आदळतो, पाटीसारख्या सपाट आसनावर तासाभरात अवघडायला होते आणि एकाच मोठ्या पिस्टनचा थरथराट हातापायांत उतरतो. ज्यांच्या रोजच्या वाटेचा मोठा हिस्सा द्रुतगती रस्त्याचा आहे, त्यांच्यासाठी ही गाडी मुळात नाही.

या सगळ्या कसोट्या लावून प्रत्यक्ष गाड्यांकडे पाहिले, तर सर्वांत बोलके उदाहरण सुझुकीचे आहे. डीआर-झेड 400 एसएम ही 398 सीसीची गाडी 2005 मध्ये आली, कार्ब्युरेटर आणि पाच गिअर घेऊन ती अमेरिकेत जवळजवळ दोन दशके फारसा बदल न होता विकली गेली, आणि तिची शक्ती चाळीस अश्वशक्तीच्या घरातच राहिली. समीक्षकांनी तिला जुनाट म्हटले, तरी तिचे सुटे भाग सहज मिळत, यंत्ररचना घरच्या घरी उघडण्याइतकी सोपी होती आणि इंजिन मार खाऊनही टिकत असे. नोव्हेंबर 2024 मध्ये मिलानच्या प्रदर्शनात सादर झालेल्या तिच्या वारसदार डीआर-झेड 4 एसएममध्ये इंधन इंजेक्शन, एबीएस आणि मागचे चाक घसरू न देणारे ट्रॅक्शन कंट्रोल आले, तरी गिअर पाचच राहिले आणि शक्ती 38 अश्वशक्तीच्या आसपासच ठेवली गेली. ज्यांनी यावर नाके मुरडली, त्यांनी ही गाडी कोणासाठी आहे हेच लक्षात घेतलेले दिसत नाही. दुसऱ्या टोकाला असलेली 690 एसएमसी आर 693 सीसीच्या एका सिलिंडरमधून सत्तरहून अधिक अश्वशक्ती काढते आणि वजनाच्या मानाने तिची धाव थक्क करणारी आहे, पण एवढा मोठा एकटा पिस्टन कमी वेगात ओढला की इंजिन झटके देते, म्हणून मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या रहदारीत क्लचवरचा हात सुटत नाही. अनुभवी स्वारासाठी ती मोहाची वस्तू आहे. पहिली किंवा एकुलती एक गाडी म्हणून 390 किंवा सुझुकी हीच समंजस निवड ठरते.

या कथेत महाराष्ट्राचा धागा आहे तो चाकणचा. बजाज ऑटोने 2007 मध्ये केटीएमचे समभाग घ्यायला सुरुवात केली आणि जानेवारी 2012 मध्ये 200 ड्यूक भारतात आली. चाकणच्या कारखान्यात तयार होणारी ही मालिका पुण्यामुंबईच्या तरुणांना तोंडपाठ आहे. मात्र 1994 ची पहिली केटीएम ड्यूक ही एका सिलिंडरची, 17 इंची चाकांची, उंच आणि सडपातळ, म्हणजे सर्वार्थाने सुपरमोटोच होती, हे यांतल्या फार थोड्यांच्या गावी असते. आजची ड्यूक सस्पेन्शनचा लांब प्रवास आणि आसनाची उंची सोडून रस्त्याकडे झुकलेली आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने भारतातल्या बहुसंख्य इच्छुकांची गरज ती भागवते. 698 मोनोसारखी अस्सल गाडी भारतात डुकाटीकडे मिळू शकते, पण तिची किंमत दहा लाखांच्या बरीच पुढे आहे, आणि सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीवरील दुचाकींना 40 टक्के वस्तू व सेवा कर लागतो, तर त्याखालच्यांना 18 टक्के.

त्यामुळे 21 इंची चाकाची एखादी स्वस्त गाडी घेऊन तिला 17 इंची रिम बसवण्याचा मार्ग अनेकांना खुणावतो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या वैशिष्ट्यांपासून वेगळे पडतील असा बदल वाहनात करता येत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनी अशा बदलावर बोट ठेवू शकते. तांत्रिक अडचण वेगळीच आहे: चाकाचा घेर बदलला की पुढच्या चाकावरून वेग मोजणारा काटा खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो, आणि पुढच्या व मागच्या चाकांच्या फिरण्याचे प्रमाण जुळवून काम करणारी एबीएसची यंत्रणा मूळ मापांवर बेतलेली असल्यामुळे तिच्यावर पूर्वीइतका भरवसा ठेवता येत नाही. आऱ्यांच्या रिममध्ये बहुधा ट्यूब असते, म्हणजे पंक्चर झाल्यावर रस्त्याच्या कडेला चाकच उतरवावे लागते, हेही विसरू नये.

परदेशांत, आणि क्वचित इथेही, ही गाडी जुन्या बाजारात मिळते तेव्हा आधीच्या मालकाने ती कशी हाकली, याचा शोध घेणे किलोमीटरच्या आकड्यापेक्षा उपयोगी पडते, कारण एका चाकावर उचलण्याचा मोह या प्रकाराइतका दुसऱ्या कुठल्या गाडीत नसतो आणि पुढचे चाक वारंवार आपटल्याच्या खुणा पुसता येत नाहीत. पुढचे चाक उचलून धरून हँडल हळूहळू दोन्ही बाजूंना फिरवावे आणि ते मधोमध खाचेत अडकल्यासारखे थांबते का पाहावे, तसे झाले तर हँडलच्या मानेतले बेअरिंग गेलेले असते; फोर्कच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ, सैल आरे आणि एका बाजूनेच झिजलेली स्प्रॉकेटची दातरी याच कहाणीचे पुढचे पुरावे होत. जुन्या डीआर-झेडमध्ये कॅमचेनचा ताण राखणारा स्वयंचलित भाग दगा देतो हे सर्वज्ञात असल्याने तो बदलला आहे का, हे विचारावे, आणि इंजिन पूर्ण थंड असतानाच ते पहिल्यांदा सुरू करून पाहण्याचा आग्रह धरावा. विक्रेत्याने गिऱ्हाईक येण्याआधीच ते तापवून ठेवले असेल, तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जावे.