भिंतीतल्या तारेची जादा पाळी

टीव्हीच्या पाठीला इंटरनेटच्या केबलचं पोर्ट आहे, पण राउटर पार दुसऱ्या खोलीत. 2006 साली जपानमधल्या कितीतरी घरांची हीच अडचण होती. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायची चोरी, आणि दारातून केबल ओढली तर ती येता-जाता पायात येणार. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये जपान सरकारने घरातल्या विजेच्या वायरिंगवरून वेगवान इंटरनेट नेण्याला परवानगी दिली. डिसेंबरात मात्सुशिता कंपनीने ‘पॅनासॉनिक’ या नावाने अडॅप्टरची जोडी बाजारात आणली. एक राउटरशेजारच्या सॉकेटमध्ये खोचायचा, दुसरा टीव्हीशेजारच्या. जपानीत त्यांना ‘ओयाकी’ आणि ‘कोकी’ म्हणतात, म्हणजे पालक यंत्र आणि पिल्लू यंत्र. पाठोपाठ फेब्रुवारी 2007 मध्ये तिथल्या टीव्ही कंपन्यांनी एकत्र येऊन ‘ॲक्टव्हिला’ ही खास टीव्हीसाठीची इंटरनेट सेवा सुरू केली.

विजेच्या तारेवरून निरोप धाडण्याची युक्ती तशी जुनीच. आपल्याकडे अति उच्च दाबाच्या उपकेंद्राजवळून जाताना वर पाहा. तारेच्या वाटेत पिंपाएवढं एक वेटोळं लटकलेलं किंवा उभं केलेलं दिसेल. त्याला वेव्ह ट्रॅप म्हणतात. एका उपकेंद्राचं दुसऱ्याशी बोलणं याच तारांवरून चालतं आणि ते भलतीकडे जाऊ नये म्हणून हे वेटोळं त्याला अडवतं.

घरातही तत्त्व तेच. आपली वीज सेकंदाला 50 हेलकावे घेते. अडॅप्टर त्याच तारेवर सेकंदाला सुमारे 20 लाख ते 3 कोटी हेलकाव्यांचे बारीक तरंग सोडतो. विजेचा एक हेलकावा पुरा होईतो यातला सगळ्यात संथ तरंगसुद्धा 40 हजार हेलकावे घेऊन मोकळा होतो. दोघांच्या चालीत इतकी तफावत असल्यामुळे त्यांना वेगळं काढायला साधा कपॅसिटर पुरतो: तो विजेला दाराबाहेर ठेवतो, तरंगांना आत घेतो.

खरी कसोटी गोंगाटाची. मिक्सरच्या मोटरमधल्या ठिणग्या, मोबाइलचे चार्जर, पंख्याचे रेग्युलेटर, स्वस्तातले एलईडी दिवे, सगळे याच तारेवर कचरा टाकत असतात. यावरचा तोडगा मला फार आवडतो. ‘होमप्लग एव्ही’ या पद्धतीत सगळा माल एका गाडीत न भरता हजाराच्या आसपास हमालांत, म्हणजे वेगवेगळ्या चालीच्या तरंगांत, वाटला जातो. अडॅप्टर प्रत्येकाची वाट सतत तपासत राहतो. वाट कोरडी असेल त्याच्या डोक्यावर दहा पोती, चिखलात असेल त्याला एखादंच, आणि वाटच नसेल त्याला सुट्टी. मिक्सर सुरू झाला की पोत्यांची वाटणी नव्याने.

जपानमध्ये विरोधही झाला, आणि तो उगाच नव्हता. घरातली वायर रेडिओ लहरी कोंडून ठेवण्यासाठी बनवलेली नसते. तिच्यावर असे तरंग सोडले की तीच अँटेना होते. हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, याच पट्ट्यात बोलतात. गुरू ग्रहाकडून येणाऱ्या रेडिओ लहरीही याच पट्ट्यात ऐकू येतात, त्यामुळे खगोलशास्त्रज्ञही बिथरले. म्हणून अडॅप्टर हॅमच्या पट्ट्या मोकळ्या सोडतात, आणि जपानची पहिली परवानगी घराच्या आतपुरतीच होती.

आज टीव्हीतच वायफाय असतं. मग हे कशाला? जाड दगडी भिंतींचा वाडा, स्लॅबवर स्लॅब असलेला बंगला, जिथे वरच्या मजल्यावर वायफाय पोचेपर्यंत दमतं, तिथे ही जोडी अजूनही कामाची आहे. पण आपल्या घरांत ती रुसते त्याची कारणंही ठरलेली. अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावावा. फिल्टरवाल्या स्पाइकगार्डमध्ये लावला तर तो फिल्टर तरंगांनाच कचरा समजून गिळतो. बंगल्यात थ्री फेज जोडणी असेल आणि टीव्ही एका फेजवर, राउटर दुसऱ्यावर, तर निरोप अर्धमेला होऊन पोचतो. शेजाऱ्याच्या तारेपर्यंत तो पाझरू शकतो, म्हणून दोन्ही अडॅप्टरवरचं जोडणीचं बटण दाबून खासगी कुलूप लावून घ्यावं. आणि खोक्यावरच्या 200 किंवा 500 एमबीपीएसवर भाळू नये. तो कागदावरचा वेग. हातात पडतो तो त्याच्या बराच खाली. अर्थात एचडी चित्रपटाला 5 एमबीपीएस पुरतात, त्यामुळे तक्रारीला फारशी जागा नाही.

मात्र तुमच्या भिंतीतल्या तारा कुठून कशा फिरल्या आहेत, हे कंपनीला ठाऊक नाही आणि दुकानदारालाही नाही. तेव्हा ‘नाही चाललं तर परत घेईन’ असं त्याच्याकडून कबूल करून घ्या, मगच जोडी घरी आणा.